उठलेल्या जत्रेच्या खुणा : चंद्रपूर-गडचिरोलीतील पाळणे, पट आणि मैदाने

प्रस्तावना

करमणुकीसाठी उभारलेली यंत्रे मोडीत निघाली तरी त्यांच्याविषयीची ओढ मोडीत निघत नाही, हे विसाव्या शतकातील मनोरंजन-उद्यानांच्या इतिहासाने पुरेसे स्पष्ट केले आहे. मनोरंजन-उद्यान म्हणजे कुंपण घातलेल्या कायम जागेवर, प्रवेशशुल्क घेऊन, पाळणे, चक्र्या आणि घसरगाड्या चालवणारी संस्था. तेथील यंत्रे, इमारती आणि वेशभूषा एखाद्या कल्पित जगाच्या सूत्रात ओवलेल्या असल्या, तर त्या उद्यानाला थीम पार्क म्हटले जाते. अशा ठिकाणचे एखादे यंत्र बंद झाले तरी त्याचा सांगाडा, पाया किंवा मार्ग पुष्कळदा जागीच राहतो. कॅलिफोर्नियातील डिस्नेलँड १९५५ मध्ये सुरू झाले. तेथील ‘पीपलमूव्हर’ ही उंचावरून संथपणे फिरणारी गाडी १९९५ मध्ये बंद झाली, परंतु तिचा उन्नत मार्ग त्यानंतरही वर्षानुवर्षे उद्यानात उभा राहिला. युक्रेनमधील प्रिप्यात शहराचा आकाशपाळणा १ मे १९८६ रोजी रीतसर सुरू व्हायचा होता. २६ एप्रिलला चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली, शहर रिकामे झाले आणि तो पाळणाच त्या दुर्घटनेची ओळखखूण ठरला. दिल्लीचे अप्पू घर १९८४ ते २००८ या काळात चालले, मुंबईजवळ गोराईला १९८९ मध्ये सुरू झालेले एस्सेलवर्ल्ड २०२२ मध्ये बंद झाले आणि दोन्हींच्या आठवणी काढणारी पिढी आज हयात आहे. या साऱ्या उदाहरणांत स्मरणरंजनाला, म्हणजे गेलेल्या काळाच्या आठवणीत रमण्याच्या वृत्तीला, एक ठरलेला पत्ता आहे.

चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांतील करमणुकीचा इतिहास या चौकटीत बसत नाही. येथे पाळणा जत्रेबरोबर येतो आणि जत्रेबरोबर जातो. चार-आठ दिवस ज्या मैदानावर गर्दी लोटलेली असते, तेथे पुढच्या आठवड्यात गुरे चरताना दिसतात. ज्या गोष्टीचे जाणे दरवर्षीचेच असते, ती एखाद्या वर्षी परत आली नाही, तर तिच्या न येण्याची नोंद कोणी करत नाही. कायमच्या उद्यानाला शेवटचा दिवस असतो, त्या दिवशी छायाचित्रे काढली जातात, वर्तमानपत्रांत लेख येतात. फिरत्या पाळण्याच्या वाट्याला असा दिवस येत नाही, आणि तो गेला हे पुष्कळदा चार-पाच जत्रा उलटून गेल्यावर लोकांच्या ध्यानात येते. म्हणून या भागातील लोपलेल्या करमणुकीचे अवशेष लोखंडात आणि लाकडात शोधून सापडत नाहीत. ते शेजारच्या गोष्टींत दडलेले असतात : जमिनीच्या वापरात, पंचांगात, सरकारी परवान्यांत, आणि एका करमणुकीच्या आधाराने उभी राहून तिच्यामागे टिकून राहिलेल्या दुसऱ्या करमणुकीत. हे अवशेष कोणते आणि ते वाचावेत कसे, हा या ग्रंथाचा विषय आहे.

१. प्रदेश आणि त्याचे पंचांग

ब्रिटिश काळात आणि त्यानंतरही चांदा या नावाने ओळखल्या गेलेल्या जुन्या चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. वैनगंगेच्या दोन्ही अंगांना पसरलेला या जिल्ह्यांचा मोठा भाग, भंडारा आणि गोंदिया या जिल्ह्यांसह, झाडीपट्टी म्हणून ओळखला जातो. साग, बांबू आणि मोहाचे जंगल, त्यामधून काढलेल्या धानाच्या बांध्या, म्हणजे पाणी साठून राहावे म्हणून चारी बाजूंनी धुरे घातलेले शेताचे तुकडे, आणि त्या बांध्यांना पाणी पुरवणारे, मालगुजारांच्या, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांच्या, काळातले जुने मालगुजारी तलाव ही या प्रदेशाची रचना आहे. धान हे पावसाळी पीक असल्यामुळे दिवाळीच्या सुमारास कापणी सुरू होते, त्यानंतर मळणी होते, आणि पुढे होळीपर्यंतचा काळ हा घरात धान्य व हाताशी सवड असलेला वर्षातला एकमेव काळ असतो. येथील करमणुकीचे सारे वेळापत्रक या सवडीवर बेतलेले आहे. त्यामुळे करमणुकीचा इतिहास येथे शेतीच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही.

या काळाची सुरुवात मंडईने होते. झाडीपट्टीत मंडई म्हणजे दिवाळीनंतर गावोगाव एकेका दिवसासाठी भरणारी जत्रा. शेजारची गावे आपापल्या मंडईचे दिवस शक्यतो वेगवेगळे ठेवतात, त्यामुळे मिठाईवाले, खेळणीवाले आणि पाळणेवाले एका गावाहून दुसऱ्या गावी जात राहू शकतात. माघात चिमूरच्या श्रीहरी बालाजीची घोडायात्रा भरते. महाशिवरात्रीला चामोर्शी तालुक्यातील मार्कंडा येथे, वैनगंगा उत्तरेकडे वळते त्या तीरावरील मंदिरसमूहापाशी मोठी यात्रा असते. या मंदिरांचे वर्णन पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी १८७० च्या दशकात केले आणि तेव्हापासून शिल्पाच्या अभ्यासकांचे लक्ष तिकडे राहिले, परंतु त्याच मंदिरांच्या सावलीत दरवर्षी वसणाऱ्या आणि उठणाऱ्या कापडी नगराकडे मात्र अभ्यासकांनी फारसे पाहिले नाही. चैत्रात चंद्रपूरच्या परकोटाबाहेर, अंचलेश्वर दरवाजाजवळ झरपट नदीच्या काठी महाकालीची यात्रा भरते आणि तिला मराठवाड्यातून व तेलंगणातून भाविक येतात. मंडईपासून महाकालीपर्यंतची ही साखळी पाहिली, म्हणजे फिरत्या पाळण्याला या प्रदेशात पाच महिन्यांचा धंदा कसा मिळत असे, हे कळते. साखळीतला एखादा दुवा तुटला, एखाद्या गावची मंडई बंद पडली, की त्याचा परिणाम त्या गावापुरता राहत नाही. पाळणेवाल्याच्या एका मुक्कामापासून दुसऱ्या मुक्कामापर्यंतचे अंतर वाढते, वाहतूक परवडेनाशी होते आणि तो सगळा मार्गच सोडून देतो.

२. यंत्रे आणि त्यांचे चालवणारे

जत्रेतील यंत्रांचा क्रम साधारणपणे तीन पिढ्यांत मांडता येतो. पहिली पिढी हाताने चालणाऱ्या लाकडी यंत्रांची. दोन खांबांवर आडवा आस, आसाला फुलीसारखे जोडलेले लाकडी हात आणि हातांच्या टोकांना टांगलेल्या चार पेट्या, अशी रहाटपाळण्याची बांधणी असे. शेजारी उभा असलेला माणूस खाली येणारी पेटी ओढून आणि वर जाणारी ढकलून तो फिरवत असे. लाकडी घोड्यांची चक्रीही अशीच हाताने फिरे. ही यंत्रे बैलगाडीत मावत, गावच्या सुताराला दुरुस्त करता येत आणि त्यांचा वेग माणसाच्या दमाइतकाच असे. चाकाच्या पाळण्याची कल्पना पाश्चात्त्य आहे असा समज सर्वत्र आढळतो. परंतु पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने १६२० मध्ये तेव्हाच्या तुर्की साम्राज्यातील फिलिपोपोलिस, म्हणजे आजच्या बल्गेरियातील प्लोव्हडिव्ह येथे, असे लाकडी चाकपाळणे पाहून त्यांचे वर्णन केले आहे. जॉर्ज फेरिस यांनी १८९३ च्या शिकागो प्रदर्शनासाठी उभारलेला सुमारे ८० मीटर उंचीचा पोलादी पाळणा हा या जुन्या खेळण्याचा प्रचंड अवतार होता. तो पाळणाही फिरस्ताच ठरला : शिकागोतून तो १९०४ च्या प्रदर्शनासाठी सेंट लुईसला गेला, १९०६ मध्ये सुरुंग लावून पाडला गेला, आणि त्याचा अजस्र आस तेथील उद्यानाच्या जमिनीत कोठेतरी पुरला गेल्याची वदंता पुढे शतकभर टिकली. यंत्राचे तुकडे जागेवर राहिले नाहीत की लोक त्याची दंतकथा करून ती जागेवर ठेवतात, याचे हे ठळक उदाहरण होय.

दुसरी पिढी डिझेल इंजिनाच्या आकाशपाळण्याची. लोखंडी पट्ट्यांचे जोडचाक, त्याला टांगलेल्या पेट्या आणि बाजूला धडधडणारे इंजिन यांमुळे पाळण्याची उंची वाढली, परंतु त्याबरोबर त्याला मालमोटार, जोडणारे कारागीर आणि भांडवल लागू लागले. याच पिढीत मौत का कुआँ येतो. फळ्या जोडून केलेली ही उभी, वर्तुळाकार विहीर; तिच्या आतील भिंतीवरून मोटारसायकली आणि पुढे मोटारगाड्याही जवळजवळ आडव्या होऊन धावतात आणि प्रेक्षक वरच्या कठड्याभोवती उभे राहून खाली पाहतात. या खेळामागील तत्त्व साधे आहे : वर्तुळात फिरणाऱ्या वस्तूला केंद्राकडे ढकलणारे बल लागते, ते येथे भिंत पुरवते, वेग वाढला की भिंतीचा दाब वाढतो, दाबाबरोबर चाक आणि फळी यांमधील घर्षण वाढते, आणि हे घर्षणच गाडीचे वजन तोलून धरते. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील मोटारसायकल-शर्यतींच्या फळ्यांच्या धावपट्ट्यांतून हा प्रकार निघाला आणि भारतीय जत्रांत इतका रुळला की तो मूळचा येथलाच वाटावा. तिसऱ्या पिढीत टोराटोरा, ब्रेक डान्स, कोलंबस आणि ड्रॅगन ही जनरेटरवर चालणारी, रंगीत दिव्यांची यंत्रे येतात. त्यांना मोठी सपाट जागा, मोठी गर्दी आणि मोठे भाडे लागते, म्हणून ती चंद्रपूरच्या चांदा क्लब ग्राउंडसारख्या शहरी मैदानांकडे आणि मोठ्या यात्रांकडे वळतात. खेड्यातील एका दिवसाच्या मंडईला ती परवडत नाहीत, आणि त्यांनी मागे सारलेला लाकडी पाळणा तिकडे परत जात नाही.

या यंत्रांचे भौतिक अवशेष का राहत नाहीत, हेही त्यांच्या बांधणीवरून समजते. जे यंत्र मुळातच सुटे करून नेण्यासाठी बनवलेले असते, त्याला पाया नसतो. खुंट उपटले की खड्डे पावसात बुजतात. मार्कंड्याच्या नदीकाठी तर वैनगंगेचा पूर ते काम एका पावसाळ्यात करतो. लोखंड भंगारात जाते किंवा दुसऱ्या पाळण्यात जोडले जाते, लाकूड चुलीत जाते. उरतो तो कागद. मध्यप्रांत व वऱ्हाड करमणूक शुल्क अधिनियम १९३६ मध्ये झाला. तिकीट लावून दाखवल्या जाणाऱ्या करमणुकीवर शुल्क आकारण्याची ही व्यवस्था पुढे वेगवेगळ्या रूपांत चालत राहिली आणि १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आल्यावर तिचे जुने स्वरूप संपले. शुल्क आले म्हणजे अर्ज आला, परवाना आला, पावती आली, आणि जागेच्या भाड्यासाठी ग्रामपंचायतीच्या किंवा नगरपालिकेच्या वहीत ओळ आली. कोणत्या वर्षी कोणता खेळ कोठे उतरला, याचा माग या ओळींवरून काढता येतो. मात्र हा माग एकांगी आहे, कारण हाताने फिरवला जाणारा, मुलांकडून नाणे घेऊन चालणारा चारपेट्यांचा पाळणा शुल्काच्या जाळ्यात क्वचितच सापडे. जो खेळ जितका गरीब, तितकी त्याची कागदावरची सावली पुसट.

३. पट आणि त्याची दाण

झाडीपट्टीतील सवडीच्या काळातली सर्वांत मोठी गर्दी पाळण्यांभोवती नव्हे, तर शंकरपटाभोवती जमत असे. शंकरपट किंवा नुसता पट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत; धावण्यासाठी आखलेल्या सरळ पट्टीला दाण म्हणतात, हलक्या छकड्याला जुंपलेली जोडी हाकणारा तो धुरकरी, आणि वर्षभर शेतकामाला न लावता केवळ शर्यतीसाठी पोसलेले बैल ते पटाचे बैल. पाळण्यात माणूस वेग स्वतः अनुभवतो, तर पटात आणि मौतच्या विहिरीत तो दुसऱ्याचा वेग पाहतो. या दुसऱ्या प्रकारच्या करमणुकीला या प्रदेशात अधिक प्रतिष्ठा होती, कारण तिच्यात गावाचा मान, मालकाची ऐपत आणि जनावराची पारख या तिन्ही गोष्टी पणाला लागत. मालगुजारीच्या काळात पटाला मालगुजारांचा आश्रय असे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपल्यावर हा आश्रय हळूहळू गावकरी मंडळांकडे आणि पुढे राजकीय पुढाऱ्यांकडे गेला.

पटाचा लोप हा पाळण्याच्या लोपापेक्षा वेगळ्या जातीचा आहे, कारण त्याला तारखा आहेत. केंद्र सरकारने ११ जुलै २०११ च्या अधिसूचनेने खेळासाठी प्रशिक्षण देण्यास किंवा प्रदर्शन करण्यास मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी जल्लिकट्टूविषयीच्या निकालात बैलगाडा शर्यतींवरही बंदी घातली. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, परंतु ती न्यायालयीन वादात अडकली. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींसह शर्यतींना परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. मधल्या काळात दाणी मोकळ्या पडल्या. धानाच्या प्रदेशात मोकळी, सरळ, बिनधुऱ्याची पट्टी ही सहज घडणारी गोष्ट नाही. पाणी अडवण्यासाठी जेथे पावलापावलावर धुरे घालावे लागतात, तेथे अशी पट्टी राखून ठेवण्यासाठी गावाला पिकाचा मोह आवरावा लागतो. म्हणून गावाच्या आखरालगत, म्हणजे गुरे गोळा होण्याच्या जागेलगत, अशी लांबट पट्टी दिसली तर तेथे पट भरत असे काय, ही चौकशी करणे फलदायी ठरते. ज्या गावांनी बंदीच्या वर्षांत ती पट्टी वाटून टाकली किंवा तीवर बांधकाम केले, त्या गावांना परवानगी मिळूनही पट परत आणणे अवघड झाले. ज्यांनी ती राखली, तेथे जोड्या पुन्हा सुटू लागल्या. जागा राहिली तर खेळ परतू शकतो आणि जागा गेली तर कायदाही तो परत आणू शकत नाही, हा पटाच्या इतिहासातून मिळणारा सर्वांत महत्त्वाचा धडा आहे.

४. करमणुकीचा वारसा करमणुकीकडे

पटाचा सर्वांत मोठा अवशेष मात्र जमिनीवर नाही, तर रंगमंचावर आहे. पट पाहायला आलेले पाहुणे रात्री गावातच मुक्काम करत. त्यांच्या करमणुकीसाठी रात्री दंडार किंवा खडी गंमत होई आणि पुढे नाटक होऊ लागले. दंडार म्हणजे नृत्य, गाणे आणि संवाद यांनी युक्त असे झाडीपट्टीचे लोकनाट्य. खडी गंमत हा तमाशाशी नाते सांगणारा, उभ्याने सादर होणारा प्रकार. या दोहोंच्या खांद्यावर उभी राहिलेली झाडीपट्टी रंगभूमी आज गडचिरोली जिल्ह्यातील वडसा, म्हणजे देसाईगंज, येथून चालते. नाटक कंपन्यांची कार्यालये तेथे आहेत आणि दिवाळीपासून होळीपर्यंत रात्र रात्र चालणारे प्रयोग तेथूनच ठरतात. या रंगभूमीवरील ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाल्यावर उर्वरित महाराष्ट्राचे तिच्याकडे लक्ष गेले, तरी तिचे अर्थकारण त्याआधीच पुष्कळ पक्के झालेले होते.

येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की पट बंद असतानाच्या वर्षांत त्यामुळे नाटक बंद पडले नाही. दिवसाचा खेळ गेला, पण त्या खेळाने बांधून दिलेली रात्र तशीच चालू राहिली : तोच हंगाम, तीच पाहुण्यांची ये-जा, लेकी-जावयांना बोलावण्याची तीच रीत, सोयरिकी जुळवण्याची तीच संधी. आज शहरातून आलेला प्रेक्षक झाडीपट्टीचे नाटक पाहतो, तेव्हा प्रयोग पहाटेपर्यंत का चालतो आणि भर थंडीत उघड्यावर का होतो, असे प्रश्न त्याला पडतात. त्यांची उत्तरे नाटकाच्या संहितेत मिळत नाहीत. परगावाहून बैलगाडीने आलेल्या माणसाला उजाडल्याशिवाय परतता येत नसे, आणि शेकडो पाहुण्यांना सामावणारे छप्पर कोणत्याही गावात नव्हते. बैलगाड्या गेल्या, पटही काही काळ गेला, परंतु त्यांनी घालून दिलेली मापे नाटकाच्या अंगावर राहिली. एका करमणुकीचा अवशेष दुसऱ्या करमणुकीच्या रचनेत असा जिवंत राहू शकतो, हे मान्य केले की अवशेष या संकल्पनेची कक्षा बरीच रुंदावते.

५. रूळ, संग्रहालय आणि बिनपत्त्याचा पाळणा

वडसाच रंगभूमीचे केंद्र का झाले, या प्रश्नाच्या उत्तरात रेल्वेचा वाटा मोठा आहे. बंगाल-नागपूर रेल्वेने विसाव्या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत या भागात नॅरोगेज, म्हणजे दोन रुळांमध्ये ७६२ मिलिमीटर अंतर असलेले, लोहमार्ग टाकले. गोंदियाहून वडसा, नागभीडमार्गे चांदाफोर्टकडे जाणारा एक आणि नागपूरहून उमरेड, भिवापूरमार्गे नागभीडला येऊन मिळणारा दुसरा. गडचिरोली जिल्ह्याला दीर्घकाळ वडसा हे एकच रेल्वेस्थानक होते. गोंदिया-चांदाफोर्ट मार्गाचे १९९० च्या दशकात ब्रॉडगेजमध्ये रूपांतर झाले. नागपूर-नागभीड मार्गावरची छोटी गाडी मात्र २०१९ च्या नोव्हेंबरपर्यंत धावली आणि रुंदीकरणासाठी बंद झाली. सुमारे १०६ किलोमीटरच्या या मार्गावर तिची गती इतकी बेताची होती की अखेरच्या वर्षांत वाहतुकीपेक्षा प्रवासाच्या हौसेसाठीच तिचे नाव अधिक घेतले जाई.

या गाडीची आणि पाळण्याची तुलना उद्बोधक आहे. नॅरोगेजची इंजिने आणि डबे नागपूरच्या मोतीबाग येथील संग्रहालयात २००२ पासून जतन केलेले आहेत. पुण्याच्या पेशवे उद्यानातील १९५६ साली सुरू झालेली फुलराणी महापालिकेच्या आधाराने पिढ्यान्‌पिढ्या मुलांना फिरवत आली आहे. दोन्हींच्या मागे एक संस्था आहे, तिच्याकडे दप्तर आहे, जागा आहे, आणि आपल्या वस्तूला वारसा म्हणून घोषित करण्याचा अधिकार आहे. फिरत्या पाळण्याचा मालक म्हणजे बहुधा एक कुटुंब. यंत्र हेच त्याचे भांडवल असल्यामुळे जुने यंत्र जपणे त्याला परवडत नाही, ते विकूनच नवे घ्यावे लागते. म्हणजे काय टिकते आणि काय नाहीसे होते, हे त्या वस्तूवरील लोकांच्या प्रेमावर ठरत नाही. मालकीच्या स्वरूपावर ठरते. लोकांच्या आठवणीत छोट्या रेल्वेइतकीच जागा असूनही या जिल्ह्यांतील एकही लाकडी रहाटपाळणा मोतीबागेतल्या इंजिनासारखा नावारूपाला आला नाही, याचे कारण येथे सापडते.

६. ताडोबा : जत्रा आणि सफारी

या प्रदेशात आज कायम पत्ता असलेली, वेळापत्रकाने चालणारी, तिकिटाची एकच मोठी फेरी आहे, आणि ती म्हणजे ताडोबाची जंगल सफारी. ताडोबा राष्ट्रीय उद्यान १९५५ मध्ये ११६.५५ चौरस किलोमीटर क्षेत्रावर घोषित झाले, अंधारी अभयारण्य १९८६ मध्ये झाले आणि दोन्ही मिळून १९९५ मध्ये व्याघ्रप्रकल्प अस्तित्वात आला. मोहर्ली, कोलारा, नवेगाव अशी प्रवेशद्वारे, ठरलेल्या वेळा, आखलेले मार्ग, गाडीतून खाली न उतरण्याचा दंडक आणि फेरीच्या शेवटी काय दिसले याची चर्चा : व्यवस्थेच्या दृष्टीने पाहता थीम पार्कच्या फेरीशी या अनुभवाचे साम्य लपत नाही, फरक इतकाच, आणि तो मूलभूत आहे, की येथे मुख्य आकर्षणाला वेळापत्रक लागू नसते.

या सफारीखाली एक जुनी जत्रा दडलेली आहे. ताडोबा हे नाव ज्याच्यावरून पडले असे सांगतात, तो तारू हा वाघाशी झुंजताना मरण पावलेला गावचा प्रमुख होता अशी परंपरा आहे. तलावाकाठी मोठ्या झाडाखाली त्याचे स्थान आहे आणि पौष महिन्यात तेथे आदिवासींची जत्रा भरत असे. संरक्षणाचे नियम जसजसे कडक झाले, तसतसे तेथील मोकळे येणे-जाणे संपले. बोटेझरीसारखी गावे गाभाक्षेत्रातून बाहेर नेण्यात आली. रस्त्याच्या कडेला ओळीने उभे असलेले दगडी खांब गोंड राजांच्या काळातले मानले जातात आणि त्यांवरून दोर बांधून घंटांच्या साहाय्याने निरोप पोहोचवला जाई, असे मार्गदर्शक आजही पर्यटकांना सांगतात. खांब दिसतात म्हणून त्यांची कथा सांगितली जाते, जत्रेची मात्र सांगितली जात नाही, कारण तिने दाखवण्यासारखे काही मागे ठेवले नाही. वन्यजीव-संरक्षणाची गरज वादातीत आहे आणि ताडोबातील वाघांची स्थिती हे त्याचे मोठे यश आहे; तरीही ज्या जागेवर आज एका प्रकारचे प्रेक्षक येतात, तेथे पूर्वी दुसऱ्या प्रकारचे लोक दुसऱ्या कारणासाठी जमत होते, ही नोंद त्या यशाला उणेपणा आणत नाही.

७. स्मरणरंजनाची मर्यादा

अशा विषयावर लिहिताना हळवेपणाचा धोका मोठा असतो. संस्कृतीच्या अभ्यासक स्वेतलाना बॉइम यांनी २००१ च्या आपल्या ग्रंथात स्मरणरंजनाचे दोन प्रकार मानले आहेत : गेलेली गोष्ट जशीच्या तशी पुन्हा उभी करू पाहणारे पुनःस्थापक, आणि गेलेपण मान्य करून त्याविषयी विचार करणारे चिंतनशील. झाडीपट्टीत दोन्ही आढळतात. पट परत आणण्याच्या चळवळीत पहिले होते. लाकडी पाळण्याच्या आठवणीत दुसरे आहे, कारण तो परत यावा असे कोणी गंभीरपणे मागत नाही. पहिल्या प्रकाराला अडचणीचे प्रश्न विचारावेच लागतात. पराणी टोचून आणि शेपटी पिळून पळवलेल्या बैलाच्या यातनांमुळे बंदी आली, ही गोष्ट परंपरेच्या अभिमानात विसरता येत नाही. आजची परवानगीही अटींनी बांधलेली आहे. पाळण्यांच्या बाबतीतही सैल झालेले जोड, पेटीला कडी नसणे, चाकात अडकणारे पदर आणि केस यांचे भय खरे होते, आणि सुरक्षिततेच्या नियमांनी छोटे पाळणेवाले बाद झाले असतील, तर त्या नियमांची गरज त्यामुळे कमी होत नाही.

आठवण कोणाची, हाही प्रश्न आहे. मालगुजाराच्या घरातून पाहिलेला पट, दाणीच्या कडेला उभे राहून पाहिलेला पट आणि पटाच्या बैलांना चारा घालणाऱ्या गड्याच्या आठवणीतला पट एकसारखे असू शकत नाहीत. दक्षिण गडचिरोलीतील एटापल्ली आणि भामरागड या तालुक्यांचा नकाशा तर आणखी वेगळा आहे. तेथील माडिया समाजाचे रेला नृत्य आणि गोटूल, म्हणजे तरुणांच्या सामूहिक मेळ्याचे घर, यांना स्वतःचा इतिहास आहे आणि वैनगंगेकाठच्या जत्रांची पुरवणी म्हणून त्यांच्याकडे पाहणे चुकीचे ठरेल. म्हणून पुढील विवेचन प्रामुख्याने धानाच्या पट्ट्यातील जत्रांपुरते मर्यादित ठेवले आहे.

या मर्यादेत राहून तीन कामे तातडीची ठरतात. पहिले, जिल्हा आणि तालुका कार्यालयांतील करमणूक शुल्काची व परवान्यांची जुनी दप्तरे, ती निर्लेखित होण्याआधी, पाहून घेणे. दुसरे, पाळणे जोडणाऱ्या, इंजिने चालवणाऱ्या आणि जोड्या हाकणाऱ्या माणसांचे ज्ञान त्यांच्याच शब्दांत टिपून ठेवणे, कारण यंत्राची बांधणी कागदावर कधीच नव्हती, ती त्यांच्या हातांत होती. तिसरे, आणि या तिन्हींत सर्वांत कमी भावनिक वाटणारे, म्हणजे जत्रेची मैदाने, दाणी आणि आखर यांची गावनिहाय नोंद करणे. वसाहती, रस्ते आणि गोदामे यांच्यासाठी याच मोकळ्या जागा सर्वांत आधी घेतल्या जातात, आणि त्या नोंदीत ‘रिकामी जमीन’ म्हणून दिसत असल्यामुळे त्यांच्या जाण्याला हरकतही घेतली जात नाही. जुने पाळणे पुन्हा उभारावेत असा या ग्रंथाचा आग्रह नाही, कारण प्रत्येक पिढी आपली करमणूक आपण निवडते. ती उभी राहण्यासाठी गावाकडे सर्वांची अशी एक मोकळी जागा असावी, एवढाच आग्रह या इतिहासातून निघतो, आणि त्याचा निर्णय ग्रामसभेच्या पुढच्या बैठकीतही होऊ शकतो.